उजवीकडून पहिली ओळ

६ मार्च

प्रिय ताई,

पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम छापील अक्षरांत घातला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडता फडताळात टाकलं असतंस. कॉन्व्हेंटात आपल्याला पत्रांचे सगळे प्रकार शिकवले, आभाराचं, रजेचं, सांत्वनाचं. अकरा वर्षं न बोललेल्या सख्ख्या बहिणीला लिहायचं पत्र तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणून कामाचंच लिहिते.

घराच्या छपराचं मागचं पाखं, मागची उतरती बाजू, बदलायची आहे. आईच्या खोलीवर तेव्हा जो पत्रा ठोकून घेतला होता, त्याच्या कडेनं पुन्हा पाणी येतंय. पुढचं पाखं, जे बाबांनी एकट्यांनी घातलं, ते अजून धड आहे. मागचं, जे तू आणि मी घातलं, ते गेलं. तुझ्या-माझ्या ओळी मिळतात तिथला मधला मेळ पहिल्यापासून बसला नव्हता, ते तुला ठाऊकच आहे. तो विषय आता नको.

बाबांनी कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या घरी आणून, एकसारख्या कापून छपरावर घालायचे शिंगल, लाकडी कौलंच म्हण, केले होते. तसं लाकूड आता कुठून मिळणार? आता डांबरी शिंगल येतात. तीन फूट लांब पट्टी आणि तिच्या खालच्या कडेला चिरा देऊन केलेले तीन रुंद दात. खालून पाहिलं की प्रत्येक दात वेगळा शिंगल वाटतो. ओळीवर ओळ चढवत न्यायची, वळचणीपासून आढ्यापर्यंत. नियम मात्र तोच, बाबांचा. खालच्या ओळीच्या सांध्यावर वरच्या ओळीचा सांधा येता कामा नये.

आता प्रश्न असा, की प्रत्येक ओळ किती सरकवायची. अर्धा दात, म्हणजे सहा इंच सरकवली की बाबांच्या छपरासारखी नक्षी होते, एकाआड एक ओळ सारखी, चिरांच्या सरळ उभ्या रेघा. पाच इंच सरकवली तर रेघा जुळत नाहीत, सगळं एकमेकांत मिसळून जातं. चार इंचांनी तिरक्या पायऱ्या दिसतात. मिस्त्री म्हणतो पाच. हे म्हणतात, "गळलं नाही म्हणजे झालं, नक्षी काय कावळे बघणार आहेत?"

घर दोघींच्या नावावर आहे. दुरुस्तीला तुझी सही लागत नाही, मी चौकशी केली. पण तू सांगितल्याशिवाय मी एकही पट्टी बसवणार नाही. तेव्हा सांग, सहा, पाच की चार?

तुझी,
खार

(अजूनही खारच. बासष्टाव्या वर्षी शिडी चढते म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?)

२२ मार्च

प्रिय ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा अबोला मला नवा नाही. लहानपणी तुझी शाईची दौत मी सांडली होती, तेव्हा तू एकोणीस दिवस बोलली नव्हतीस. मी भिंतीवर खडूनं रेघा मारून मोजले होते.

मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. पन्नाशीचा आहे, गुडघे कुरकुरतात आणि तोंड गुडघ्यांपेक्षा जास्त. मी त्याला म्हटलं, मी स्वतः काम करणार, तुम्ही शिकवायचं आणि अवघड तेवढं करायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"साहेब, तुमचं काय म्हणणं?"

"मला पंचेचाळीस वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नाही," हे म्हणाले. "पहिल्यांदाच विचारलात. जरा विचार करून सांगतो."

मग मिस्त्रीनं मला अंगणात बसवलं, एका फळीवर डांबरी कागद ठोकला आणि चार ओळी बसवून दाखवायला सांगितल्या. प्रत्येक पट्टीला चार खिळे. खिळ्याचं डोकं पट्टीत रुतता कामा नये आणि उभंही राहता कामा नये. पहिल्या दिवशी माझे सगळे खिळे रुतले. "बाई, खिळ्यावर कुणाचा राग काढताय?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंगठा ठेचला. तिसऱ्या दिवशी त्यानं खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि चहा मागितला, त्याअर्थी जमलं असावं.

नक्षीवरून मात्र आमचं जुंपलं.

"पाचच घ्या. पाच इंचात सगळं झाकलं जातं. सहाला ओळ जरा कुठं तिरकी गेली, पट्टी जरा पुढं-मागं झाली, की रेघ वाकते. खालून आंधळ्यालाही दिसेल."

"मागच्या बाजूला गोदामाची भिंत आहे. कोण बघणार?"

"मग तर पाचच."

"ताई सांगेल ते."

"बाई, पाऊस काही तुमच्या ताईंना विचारून येणार नाही."

तो गेल्यावर मी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. तुझा हातोडा आहे. बाबांनी त्याची मूठ कानशीनं घासून डाव्या पंज्याच्या मापाची केली होती, अंगठ्यासाठी एक खाच. मी उजव्या हातात धरून पाहिला. बसत नाही. खाच भलत्याच जागी येते, जणू हातोडाच विचारतो, 'तू कोण?'

शाळेत हस्ताक्षराच्या तासाला बाई तुझा डावा हात रुमालानं बाकाला बांधायच्या, आठवतं? मधल्या सुट्टीत मी धावत तुमच्या वर्गात यायचे आणि गाठ सोडायचे. दातांनी. तू म्हणायचीस, "खार आली." बाबा तर मी छपरावर चढायचे म्हणून मला खार म्हणायचे, पण पहिल्यांदा ते नाव तू ठेवलंस, त्या गाठीमुळे. त्यांना वाटायचं, त्यांनीच ठेवलं. आपण कधी सांगितलं नाही.

सोमवारपासून जुनं उपसायला सुरुवात. तुझं उत्तर आलं नाही तरी उपसायला हरकत नसावी.

तुझी,
खार

७ एप्रिल

प्रिय ताई,

आज एक गोष्ट कळली. ती तुला आजच कळायला हवी, म्हणून मळक्या हातांनीच लिहिते आहे. डाग पडलेत, माफ कर.

जुने शिंगल आढ्याकडून खाली काढत येतात. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक धुराड्याला, आणि खाली हे, शिडी धरून. "विम्याचे कागद कुठल्या खणात आहेत गं?" असं दर तासाला विचारतात.

तुला तो उन्हाळा आठवतो ना? मी चौदाची, तू सोळाची. बाबांनी मागचं पाखं आपल्याला वाटून दिलं. डावखुरी म्हणून तू उजव्या कडेनं सुरुवात केलीस, मी डाव्या, आणि रोज मध्यावर गाठ पडायची. तिथला शेवटचा तुकडा बाबा मापानं कापून बसवायचे. आई दोरानं पाण्याची बादली वर पाठवायची आणि ओरडायची, "पोरींनो, तोंडं करपली तर कोण करणार लग्नं?" तू खाली ओरडायचीस, "बरं होईल, घरच्या घरी राहू!"

तर, मधला मेळ. ज्यावर सगळं खापर फुटलं, तो. मी आज तो स्वतः उघडला. प्रत्येक ओळीत, जिथं तुझी आणि माझी बाजू मिळते तिथं, शिंगलच्या खाली बाबांनी पत्र्याची एकेक पट्टी सरकवून ठेवली आहे. प्रत्येक ओळीत, एकही न चुकवता. ताई, त्या बिस्किटांच्या डब्याच्या पट्ट्या आहेत! हिरव्या पोपटाचा डबा. आई तो आठवडाभर शोधत होती आणि आपल्या दोघींवर आळ घेत होती. पोपटाची चोच एका ओळीत, शेपूट तीन ओळी खाली. रंग अजून ताजा. मिस्त्री म्हणाला, "कुणी केलंय हे? मानलं बुवा." मी म्हटलं, "आमच्या बाबांनी. मुलींना न सांगता."

त्या पट्ट्यांखालचा कागद कोरडा आहे. फळ्या कोरड्या आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांत तिथून एक थेंब आत गेलेला नाही.

आणि तुझी बाजू. मी हात फिरवून पाहिला. वळचणीपर्यंत ठणठणीत. प्रत्येक खिळा जागच्या जागी. मिस्त्रीनं विचारलं, "ही बाजू कुठल्या कारागिराची?" मी म्हटलं, "माझ्या ताईची." आणि पुढचा शिंगल उपसायला घेतला.

माझ्या बाजूवरचा पत्रा अजून काढलेला नाही. तो उद्या.

तुझी,
खार

८ एप्रिल

ताई,

काल मी लिहिलं की एक गोष्ट कळली. ते अर्धंच खरं होतं. पोपटाच्या पट्ट्या नवीन कळल्या. बाकीचं मला आधीच माहीत होतं.

पत्रा काढला. खाली माझ्या तीन ओळी आहेत आणि तिन्हींत सांध्यावर सांधा. डाव्या कडेपासून मध्यापर्यंत. वरून सांधे उघडेच, खाली नुसता डांबरी कागद. त्यानं बिचाऱ्यानं तीस-पस्तीस वर्षं एकट्यानं तग धरला आणि मग सडला. त्याखाली फळ्या कुजल्या, फळ्यांखाली आईच्या खोलीची तक्तपोशी, ते आतलं लाकडी छत, आणि तक्तपोशीखाली आईचा पलंग.

कसं झालं ते सांगते. एकदाच सांगणार आहे, तेव्हा नीट सांगते.

एकाआड एक ओळीची सुरुवात अर्ध्या शिंगलनं करायची असायची. अर्धे तुकडे खाली बाबा कापून द्यायचे. त्या दिवशी बाबा म्हणाले होते, जी आपल्या बाजूच्या ओळी आधी संपवेल, तिला आढ्यावरचा शेवटचा खिळा मारायला मिळेल. तू एका ओळीनं पुढं होतीस. माझ्याकडचे अर्धे तुकडे संपले. खाली उतरून, बाबांकडून कापून घेऊन, परत वर यायचं म्हणजे तू जिंकणार. मी अर्ध्याच्या जागी अख्खा लावला. एक अर्धा तुकडा, ताई. एवढंच. त्या एकामुळे खालची, ती आणि वरची, तिन्ही ओळी एकावर एक आल्या.

संध्याकाळी बाबा मध्यावरचे तुकडे बसवत होते. त्यांनी विचारलं, "खार, तुझ्याकडचं नीट आहे ना?" मी म्हटलं, "हो, मी तपासलं." मग ते माझ्या बाजूला आलेच नाहीत. तुझा हात उलटा म्हणून त्यांनी मध्यावर पोपटाचा सबंध डबा कापून घातला, आणि माझ्या बाजूला एक पट्टी नाही, कारण मी हो म्हटलं होतं. शेवटचा खिळा मी मारला. तू टाळ्या वाजवल्यास.

हे चौदाव्या वर्षीचं. त्याची माफी कुणीही देईल. पुढचं ऐक.

अकरा वर्षांपूर्वी तक्तपोशी कोसळली, आईचा खुबा मोडला आणि अडीच महिन्यांनी आई गेली. त्यानंतर पत्रा ठोकायला जो माणूस आणला होता, तो वरून उतरून मला म्हणाला, "बाई, इथं तीन ओळींत सांध्यावर सांधा आहे. डाव्या बाजूला. कुणीतरी घाईत लावलंय." मी त्याला म्हटलं, "पत्रा ठोका. घरात कुणाला सांगू नका." हे झालं सकाळी. त्याच दुपारी तू स्वयंपाकघरात आईच्या औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होतीस. मला म्हणालीस, "छपराकडे लक्ष द्यायला हवं होतंस गं, तू तर इथंच राहत होतीस." तुझा सूर रागाचा नव्हता. तरी मी म्हटलं, "तुझ्या उलट्या हातानं मेळ बिघडवला होता. आईवर ते पडलं, ते तुझ्यामुळे."

तू हातातली बाटली खाली ठेवलीस. डावा हात पाठीमागे नेलास. शाळेत न्यायचीस तसा.

तो हात मी पाहिला, ताई. त्या हाताची गाठ मी दातांनी सोडायचे, आणि तो मीच पुन्हा बांधला. खरं काय ते मला सकाळीच कळलं होतं, आणि तरी.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले, की दुःखात माणूस काहीही बोलतं. पण मी विचार करून बोलले होते. कुणीतरी दोषी असायलाच हवं होतं आणि मी नको होते.

आता नक्षीचं. ६ मार्चला मी तुला तीन पर्याय लिहिले. आज मी ठरवलंय की सहाच इंच. अर्धा दात. मिस्त्री म्हणतो, त्यात चूक लपत नाही, म्हणूनच. पाच इंचाचं छप्पर मी अकरा वर्षं डोक्यावर घेऊन जगले, सगळं झाकणारं. मला ते नको. रेघ वाकली तर दिसू दे. दिसली तर उपटीन आणि पुन्हा लावीन.

मात्र सुरुवात कुठल्या कडेनं करायची, ते मी ठरवलेलं नाही. या वेळी दोन बाजूंनी सुरू करून मध्यावर भेटायचं नाही. सगळ्या ओळी एकाच कडेनं जातील. कुठल्या, ते तू सांगायचंस. आणि सांगायचं नसेल, तर तोही तुझा हक्क आहे. कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालतेय. त्यावर नवा कागद, वर ताडपत्री. पंचवीस तारखेपर्यंत थांबेन. मिस्त्री वैतागलाय. वैतागू दे.

माफी मागत नाही. ती मागायला तुझ्यासमोर उभं राहावं लागतं.

खार

२७ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पाकीट चोवीसला आलं. मी ते ओट्यावर ठेवलं, भांडी घासली, पुसली, जागच्या जागी लावली. मग हे म्हणाले, "आता काय पितळी उजळत बसणार आहेस? उघड." उघडलं.

चौकटीच्या वहीचा एक कागद. त्यावर पट्ट्यांच्या ओळी, पेन्सिलीनं. एकाआड एक ओळीतला पहिला अर्धा दात गडद भरलेला, एकही न विसरता. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात बाण, आणि शब्द एकच, 'इथून'.

दुसरं काही नाही. सही नाही. पण पेन्सिल डावीकडे ओढत नेल्याच्या रेघा मी कुठंही ओळखीन. कागद मी पोपटाच्या चोचीसह कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

मिस्त्रीला दाखवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला. "उजवीकडून? तुम्ही तर उजव्या हाताच्या. अंग पिळवटून मारावा लागेल प्रत्येक खिळा."

"पिळवटीन."

"मी लावतो ना भराभर."

"तुम्ही खडूची दोरी धरा."

त्यानं दोरी ताणून टिचकी मारली, निळी रेघ उमटली आणि मी उजव्या कडेला गुडघे टेकले. ताई, तू हे कसं करत होतीस? म्हणजे, एरवी सगळं आम्हा उजव्या हाताच्यांच्या सोयीनं असायचं, तेव्हा तुला असंच वाटत असेल ना? सगळं जगच उलटं मांडलेलं. हात आपल्याच हाताच्या आड येतो, हातोडा पट्टीला अडतो, खिळ्यांची पिशवी नको त्या बाजूला. पहिली पट्टी बसवायला पाऊण तास लागला. पहिली ओळ दुपारपर्यंत. दुसऱ्या ओळीची पहिली पट्टी अर्धा दात कापून घेतली, खाली उतरून, फळीवर, मापानं. वरच्या वर भागवता आलं असतं. मी उतरले.

दुसरी ओळ मध्यावर वाकली. मिस्त्री म्हणाला, "चालेल, इतकं कोण बघतंय." मी सात पट्ट्या उपटल्या. तो कपाळाला हात लावून आढ्यावर जाऊन बसला आणि यांना हाक मारून म्हणाला, "साहेब, या घरात बायकांचंच चालतं का?" हे म्हणाले, "तुमच्या घरात कुणाचं चालतं?" मिस्त्री आढ्यावरून उतरून पुन्हा दोरी धरायला आला.

आज तिसरी ओळ संपली. तिन्हींतल्या रेघा सरळ आहेत. मी खाली उतरून, गोदामाच्या भिंतीला पाठ टेकवून, मान मोडेस्तोवर पाहिलं.

उद्यापासून चौथी. मी थांबणार नाही आता. आढ्यापर्यंत उजवीकडूनच जाईन, महिना लागो.

तुझी,
खार

३ मे, शनिवार
(चिठ्ठी, मागच्या दाराला लावलेली)

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी वर होते. यांनी शब्दन् शब्द सांगितला. अकरा वर्षांनी फोन केलास आणि विचारलंस काय, तर "खार छपरावर आहे का?" हे म्हणाले, "आहे." तू म्हणालीस, "मग उतरव तिला. मी उद्या सकाळी येतेय. मी येईपर्यंत वर जाऊ देऊ नकोस, तिला कड कळत नाही, पडेल."

हे तुला आणायला स्टेशनवर गेले आहेत. चुकामूक झाली तर म्हणून ही चिठ्ठी. दार नुसतं लोटलेलं आहे. पाण्याचा तांब्या ओट्यावर झाकून ठेवलाय. आईची खोली झाडून ठेवली आहे, तक्तपोशी नवी आहे, आत जायला भिऊ नकोस.

तुझं ऐकलं नाही, मी वरच आहे. कमरेला दोर आहे, काळजी करू नकोस. आणि माफी मागायला मला तुझ्यासमोर उभं राहायचंय, तर ते वरच व्हावं, जिथं केलं तिथं.

आठव्या ओळीची पहिली पट्टी अर्धा दात कापून उजव्या कडेला ठेवली आहे. खिळे मारलेले नाहीत. तुझा हातोडा शिडीच्या तिसऱ्या पायरीला टांगलाय. खाच तुझ्या अंगठ्याच्या बाजूला केली आहे.

ये.